जमलं नाही तर तोंड कसं दाखवू?

मी समुपदेशक आहे. परदेशी शिकायला निघालेली मुलं माझ्याकडे अर्ज भरण्याआधी फारशी येत नाहीत. ती येतात प्रवेशाचं पत्र हातात पडल्यावर. घरी पेढे वाटून झालेले असतात, मित्रांनी स्टेटस ठेवलेले असतात आणि मुलाची झोप उडालेली असते. शहाद्याचा असो, शिरपूरचा असो की अमळनेरचा, प्रश्न तोच: "मॅडम, तिकडे जाऊन जमलं नाही तर?"

गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा ऐकलं, की एका मुलाची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटली. त्याला आपण भूषण म्हणू. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. पारोळा तालुक्यातलं कपाशीचं घर, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकल इंजिनीअरिंग. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालेला. निघायला जेमतेम तीन महिने होते आणि हा जेवत नव्हता.

पहिल्या भेटीत त्याने एका दमात सगळं ओतलं. इंग्रजी, थंडी, जेवण, कर्ज, नोकरी, व्हिसा. मी त्याला धीर दिला नाही. "होईल रे सगळं" हे त्याला घरचे, मित्र, क्लासवाले रोज सांगतच होते आणि त्याने त्याची भीती तसूभरही हलली नव्हती. मी कागद पुढे केला. "यातल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस या जगात आहे? त्या प्रश्नापुढे त्या माणसाचा पत्ता लिही."

माझ्या कामाचा पाया हाच आहे. मनातलं मोठं, धूसर वाक्य माणसाला छळतं. त्याचे तुकडे करून प्रत्येकाला तपशील विचारले की त्यातली बरीच भीती साध्या कामांत बदलते. गोळ्यांची गरज असेल तर मी डॉक्टरांकडे पाठवतेच, पण भूषणला गरज होती ती उत्तरांची.

पुढच्या भेटीला तो बरीच उत्तरं घेऊन आला. कर्जाचं आधी सांगते, कारण आपल्याकडच्या घरांची गाडी तिथेच अडते. त्याचे वडील, नाना, सातबारा घेऊन बँकेत गेले होते. जमीन आहे, मग काळजी कसली, असा त्यांचा हिशेब. पण शैक्षणिक कर्जाला तारण म्हणून बँका शेतजमीन साधारणपणे घेत नाहीत. त्यांना घर, फ्लॅट किंवा बिनशेती प्लॉट लागतो. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीनदार चालतो, त्यापुढे तारण. नानांनी धुळ्यात देवपूरला म्हातारपणासाठी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, तो लावायचं ठरलं. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, हे बँकेत कळल्यावर भूषणचा चेहरा जरा सैल झाला.

ज्यांच्याकडे तारणच नाही त्यांनी लगेच निराश होऊ नये. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याच्या समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वेगळी आहे, इतर मागासवर्गीयांसाठीही आहे. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीच्या अटी असतात, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधीच त्या वाचायच्या. नंदुरबारकडची हुशार मुलं आधी प्रवेश घेतात आणि मग शिष्यवृत्ती शोधतात, तेव्हा मला फार हळहळ वाटते.

इंग्रजीचं उत्तर त्याच्याच फाइलमध्ये होतं. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल त्या विद्यापीठाने तपासला होता आणि मान्य केला होता. "तुझं इंग्रजी पुरेसं आहे की नाही हे ठरवायचा अधिकार तुझा की त्यांचा?" एवढंच मी विचारलं. जर्मन भाषेचं मात्र मी त्याला कडक सांगितलं. वर्ग इंग्रजीत चालले तरी दुकान, डॉक्टर, घरमालक आणि पुढची नोकरी जर्मनमध्ये चालते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाच्या परीक्षा आहेत, ऑनलाइन वर्ग आहेत. निघण्याआधी निदान ए-२ पातळी, म्हणजे रोजच्या साध्या व्यवहारापुरती जर्मन, गाठायची.

"पार्ट टाइम करून सगळा खर्च निघतो" हे एजंटांचं आवडतं वाक्य. तिथे मार्च २०२४पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मेहनती मुलाचा राहण्या-खाण्याचा बराच भाग त्यातून निघू शकतो, पण काम मिळायला वेळ जातो आणि पहिलं सत्र तरी अभ्यासालाच द्यावं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, फक्त सत्राचं शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांना सत्राला १,५०० युरो पडतात. एजंट खासगी कॉलेजच पुढे करत असेल तर एकदा थांबून का ते विचारा.

एवढं सगळं झालं आणि तरीही तो जेवत नव्हता. इथे खरं काम सुरू झालं.

"आता काय उरलं?" मी विचारलं.

"जमलं नाही तर सगळं बुडेल, मॅडम."

"सगळं म्हणजे किती? आकडा सांग."

तो गप्प. मग आम्ही दोघांनी बसून बुडण्याचा हिशेब केला. व्हिसासाठी जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, सप्टेंबर २०२४पासून हा आकडा आहे. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर जवळपास १२ लाख. भूषणच्या डोक्यात हे १२ लाख म्हणजे विमानात बसताच गेलेले पैसे होते. प्रत्यक्षात त्या खात्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो हातात येतात. "समज, चार महिन्यांत परत आलास. किती खर्च झाले?" त्याने मांडलं: ३,९६८. उरलेले ७,९३६ युरो खातं बंद करताना, थोडंफार शुल्क सोडून, परत मिळतात. व्हिसा नाकारला गेला तरी रक्कम परत येते. जाण्या-येण्याचं तिकीट, आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याच्या एपीएस प्रमाणपत्राचे १८,००० रुपये, सत्राचं शुल्क, थंडीचे कपडे, सगळं मिळवून बेरीज सहा लाखांच्या आत राहिली.

"सहा लाख मी इथे नोकरी करून तीन-चार वर्षांत फेडेन," तो स्वतःच म्हणाला. आणि मग बऱ्याच वेळाने, खाली बघत, "पण गावात तोंड कसं दाखवू? नानांना काय सांगू?"

ही खरी भीती. तिचा पत्ता जर्मनीत नव्हता, पारोळ्यात होता. पुढच्या भेटीला मी नानांना बोलावलं.

नाना आले, टोपी मांडीवर ठेवून बसले. भूषणने हिंमत करून तो प्रश्न त्यांच्यासमोर मांडला. नानांनी उत्तर दिलं ते मलाही अनपेक्षित होतं. २०१७च्या खरिपात आपल्या भागात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती, आठवत असेल. नाना म्हणाले, त्या साली अख्खं रान उपटून टाकलं. सोसायटीचं कर्ज थकलं. तुझ्या आईची पोत गहाण ठेवली होती, ती दोन वर्षांनी सोडवली.

भूषण त्यांच्याकडे बघतच राहिला. "आई तर म्हणायची, पोत तुटली म्हणून सोनाराकडे दिलीय."

"तवय तू दहावीमा व्हता. तुले काय सांगतू?"

त्या क्षणी मला जे दिसलं ते मी तेव्हापासून प्रत्येक पालकाला सांगते. आपल्या घरांत नुकसान मुलांपासून लपवतात. प्रेमापोटीच लपवतात, अभ्यासावर परिणाम नको म्हणून. पण मग मूल असं मोठं होतं, की घरात कुणी कधी हरलेलंच नाही. हरून पुन्हा पेरणी करणारा बाप त्याने पाहिलेला नसतो. हरल्यावर काय करायचं याचा एकही नमुना त्याच्याजवळ नसतो, म्हणून त्याला वाटतं की हरलं की माणूस संपतो. भूषणचा बाप एका हंगामात सगळं घालवून तग धरून राहिला होता आणि मुलाला हे बाविसाव्या वर्षी माझ्या खोलीत कळलं.

त्या दिवशी दोघे बापलेक माझ्याशी फार बोलले नाहीत, एकमेकांशीच बोलत राहिले. बी-बियाण्याची उधारी कुणी दिली, कोणत्या मामाने पाठ फिरवली, दुसऱ्या वर्षी मका का लावला. मी मध्ये पडले नाही. समुपदेशकाला गप्प बसायचं कधी हे कळावं लागतं, आणि ते मला त्या दिवशी कळलं होतं, याचं मला समाधान आहे.

शेवटच्या भेटीत आम्ही तिघांनी एक करार केला. विषय राहिला तर त्याच आठवड्यात घरी फोन. त्यामागे व्यावहारिक कारणही आहे. आपल्या मुलांना एटीकेटीची सवय असते, राहिलेला विषय पुढे काढता येतो. जर्मनीत एका विषयाची परीक्षा ठरावीक वेळाच देता येते, बऱ्याच विद्यापीठांत तीनदा. शेवटची संधी हुकली तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागू शकतो. म्हणून लाजेपोटी लपवण्याची किंमत तिथे फार मोठी पडते. पहिल्यांदा राहिला की प्राध्यापकांना आणि विभागाच्या सल्लागाराला गाठायचं. तिथल्या विद्यार्थी कल्याण संस्था, म्हणजे श्टुडिरेंडनवेर्क, वसतिगृहं आणि खानावळी तर चालवतातच, शिवाय अनेक ठिकाणी मानसिक समुपदेशनही विनामूल्य देतात. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र मिळालं त्याच दिवशी करायचा, कारण रांग लांब असते.

भूषणचा पहिल्या सत्रात एक विषय राहिला. त्याने तिसऱ्या दिवशी नानांना सांगितलं. नानांनी विचारलं, "परत कधी शे?" दुसऱ्या प्रयत्नात तो विषय निघाला.

पुढच्या ऑक्टोबरच्या सत्राला ज्यांना जायचं आहे, त्यांनी एपीएसची फाइल आणि आपल्या इथल्या विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र दाखला, मिळवायचं काम दिवाळीच्या आसपासच सुरू करावं. अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलै असते, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठी ती कित्येकदा बरीच आधी संपते. आणि पालकांनी, कर्जाच्या कागदांवर सह्या करण्याआधी एका संध्याकाळी मुलाला समोर बसवून आपल्या घराचा खरा जमाखर्च सांगावा, बुडालेल्या वर्षांसकट.