वाचकांचे प्रश्न : पहिली मीटिंग कशी गाठायची?

प्रश्न : बरीच वर्षं रोज पितो आहे. आता थांबायचं ठरवलंय. इंटरनेटवर 'एए'च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या, मीटिंगचा पत्ता मिळाला, तिथे गेलो तर दाराला कुलूप. पुन्हा जायचा धीर होत नाही. मीटिंग नक्की कशी शोधायची आणि तिथे काय विचारतात?

उत्तर : त्या दारापर्यंत जायलाच किती बळ लागतं, याची आम्हाला कल्पना आहे. कुलूप दिसलं यात तुमचं काही चुकलेलं नाही. बहुतेक गटांना स्वतःची जागा नसते. एखादी खोली आठवड्यातल्या ठरावीक वारी तास-दीड तासापुरती मिळते. खोली बदलते, वेळ बदलते आणि यादीत मात्र जुनंच राहतं.

म्हणून यादीवर विसंबू नका, फोन करा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या अधिकृत संकेतस्थळावर देशानुसार त्यांच्या कार्यालयांची माहिती मिळते, त्यावरून आपल्या भागाची हेल्पलाइन सापडते. पलीकडे बहुधा स्वतः दारू सोडलेलाच कोणी स्वयंसेवक असतो, त्यामुळे अडखळत बोललात तरी चालेल. त्याला विचारा : येत्या दोन दिवसांत जवळची मीटिंग कुठे आहे? ती सध्या नक्की भरते ना? कुठल्या दारानं आत यायचं, कितवा मजला? भाषा कोणती? ओपन की क्लोज्ड? क्लोज्ड मीटिंग ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचं आहे त्यांच्यासाठीच असते, ओपनमध्ये घरचे लोकही बसू शकतात. तुम्हाला दोन्ही चालतील. शेवटी एवढं जरूर विचारा, 'दाराशी कोणी भेटेल का?' अनोळखी खोलीत एकट्यानं शिरणं हाच भाग सगळ्यांत जड जातो. एकाऐवजी दोन मीटिंग लिहून घ्या, म्हणजे एक हुकली तरी आठवडा वाया जात नाही.

ही संघटना उभी राहिली तीही अशाच फोनमुळे. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन यांना पुन्हा प्यावंसं वाटू लागलं, तेव्हा त्यांनी हॉटेलातून फोनवर फोन केले. बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा होता. त्यातूनच डॉक्टर बॉब स्मिथ भेटले आणि दोघांनी मिळून एए सुरू केली.

आत गेल्यावर फॉर्म नाही, फी नाही. पहिलं नाव सांगितलं की पुरे. वर्गणीची थैली फिरते, पण नवख्यानं त्यात काही टाकायलाच हवं असं नाही. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. बोलायची पाळी आली तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, कोणी आग्रह करत नाही. दहा मिनिटं आधी पोचा आणि संपल्यावर दहा मिनिटं थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. फोन नंबर त्याच वेळी मिळतात आणि रात्री तलफ आली की उपयोगी पडतो तो नंबर. संपताक्षणी निघून जाणाऱ्याच्या हाती नुसती भाषणं राहतात. प्रत्येक गटाची तऱ्हाही वेगळी असते, तेव्हा एका मीटिंगवरून मत बनवू नका. चार-पाच निरनिराळ्या पाहा.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. तुम्ही रोज पिता, म्हणून एकदम थांबण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि किती पिता ते खरं सांगा. शेवटच्या पेयानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, अस्वस्थता सुरू होऊ शकते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो, तर भ्रम, नसलेलं दिसणं, ताप हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. यात जीवही जाऊ शकतो. असं काही झालं तर मीटिंगची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. योग्य औषधांनी हे दिवस सुरक्षितपणे पार पडतात.

प्रश्न : नवरा मीटिंगला जायला तयार नाही. त्याच्या वतीनं मी फोन केला तर चालेल का?

उत्तर : माहितीसाठी जरूर करा. पण ते लोक त्याला परस्पर फोन करून बोलावतील अशी अपेक्षा नको. नंबर आणि वेळ लिहून ठेवा आणि तो शुद्धीत असताना, शक्यतो सकाळी, एकदाच शांतपणे सांगा. नशेत घातलेला वाद दुसऱ्या दिवशी त्याला आठवेलच असं नाही. दरम्यान तुम्ही स्वतः अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला जा. १९५१ सालापासूनची ही संघटना खास कुटुंबीयांसाठी आहे. तिथे जायला त्यानं दारू सोडलेली असण्याची गरज नाही, त्याची परवानगीही लागत नाही.

प्रश्न : मी देव मानत नाही. जवळपास गटही नाही. मग काय?

उत्तर : दारूतून बाहेर पडण्यासाठी एएनं सांगितलेल्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, पण 'आपल्याला जसा समजला तसा', आणि तिथे न मानणारेही बसतात. तरी पटलं नाही तर स्मार्ट रिकव्हरी पाहा. १९९४ साली सुरू झालेल्या या गटांत तलफ कशी हाताळायची, विचारांच्या सवयी कशा बदलायच्या, यावर भर असतो. दोन्हींच्या मीटिंग ऑनलाइन भरतात. कॅमेरा सहसा बंद ठेवता येतो. मात्र दिलेली वेळ कोणत्या देशाची आहे ते आधी तपासा. पहिली ऑनलाइन मीटिंग हुकते ती बहुधा या घोळामुळेच.