लाल पेन घरीच ठेव
पोरांना लिहायला शिकवणार आहेस ना, मग पहिल्याच दिवशी निबंध देऊ नको. नववीत नापास झालेल्या पोराला ‘माझी शाळा’ लिहायला सांगितलं की तो वहीच मिटतो. त्यापेक्षा मे महिन्यात बंद पडलेला कूलर हा विषय दे, बाबांना सांगायची राहिलेली गोष्ट दे. नागपुरी बोलीत लिहिलं तर तसंच राहू दे, ‘काहून’ खोडून ‘का’ करू नको. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं ने. पुस्तक ज्याचं त्यानं निवडावं, पातळ का असेना. आत्मकथनं या वयाला फार भिडतात, मी पाहिलंय. स्वतः लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचायची सक्ती नको. पण जिवाचं बरंवाईट करण्याची ओळ दिसली, तर गुपित ठेवू नकोस. त्याच दिवशी त्याच्याजवळ बस, घरच्या विश्वासू माणसाला सांग, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावून दे.