फॉर्म भरला, पण गेला कुठे?

प्रश्न : आमच्या वाचनगटाची साइट मी गिटहब पेजेसवर फुकटात चढवली. पानं छान दिसतात, पण संपर्काचा फॉर्म पाठवला की ४०५ एरर येते. शिवाय सभासदांच्या पानाला जावास्क्रिप्टने पासवर्ड लावलाय. तो चालतो, तेव्हा काळजी नको ना?

उत्तर : काळजी पासवर्डचीच करा! पान उघडून ‘व्ह्यू सोर्स’ करा, नाहीतर जोडलेली जावास्क्रिप्ट फाइल उघडा. पासवर्ड तिथेच कुठेतरी सापडेल. तो नुसता गुंतागुंतीचा करून ठेवलात, तरी खालचा मजकूर आधीच ब्राउझरमध्ये उतरलेला असतो. सभासदांचे फोन नंबर तिथे असतील, तर आजच काढा. रिपॉझिटरी (साइटच्या फाइलींचा गिटहबवरचा साठा) पब्लिक असेल तर जुन्या कमिटमध्येही, म्हणजे आधी जतन केलेल्या आवृत्त्यांतही, ते नंबर राहतात, हे लोक हमखास विसरतात.

आता फॉर्म. गिटहब पेजेस म्हणजे स्टॅटिक होस्टिंग. ते तयार फाइल जशीच्या तशी देतं, बस्स. तुमचा फॉर्म ‘पोस्ट’ करतो, म्हणजे भरलेली माहिती सर्व्हरकडे पाठवतो, आणि ती घ्यायला पलीकडे कोणताही प्रोग्रॅम नाही, म्हणून ४०५. पीएचपी (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची भाषा) फाइल टाकूनही उपयोग नाही, ती चालणारच नाही. फॉर्म जिथे पाठवला जातो तो पत्ता एखाद्या फॉर्म-सेवेकडे वळवा, किंवा सरळ गूगल फॉर्म जोडा. दिसायला थोडा ओबडधोबड, पण काम होतं.

बाकी स्वतःचं डोमेन, एचटीटीपीएस, फोटो, अगदी साइटपुरता शोधसुद्धा जमतो. साइट १ जीबीच्या आत ठेवा. व्हिडिओ दुसरीकडे चढवून इथे फक्त एम्बेड करा.