रत्नपारख : सासूबाईंच्या पेटीतली अंगठी

प्रश्न : आमची दारव्हा तालुक्यात कापसाची शेती आहे. सासूबाई वारल्यानंतर त्यांची लोखंडी पेटी उघडली, तेव्हा जुन्या लुगड्याच्या घडीत एक अंगठी सापडली. ती त्यांच्या आईच्या लग्नातली, म्हणजे 1940 च्या आसपासची असावी. मधोमध टपोरा लाल खडा आहे आणि त्याच्याभोवती आठ पांढरे, मळकट दिसणारे खडे आहेत. कोंदण मागून बंद आहे. सराफाने पाहून सांगितले की लाल माणिक चांगले दिसते, पांढरे खडे मात्र काचेचे आहेत. ते काढून टाकून सोने मोडीत घेतो. पेरणीसाठी पैसे लागणारच आहेत. काय करावे?
— एक गृहिणी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, पारख होईपर्यंत अंगठी मोडीत घालू नका आणि एकही खडा काढू देऊ नका. केवळ वर्णनावरून खड्याची जात कोणी छातीठोकपणे सांगू नये आणि मीही सांगणार नाही. परंतु तुम्ही जे लिहिले आहे, ते वाचून मला पांढऱ्या खड्यांपेक्षा लाल खड्याचाच संशय अधिक येतो.

आज दुकानात दिसणाऱ्या गोल हिऱ्याला 57 किंवा 58 पैलू असतात आणि त्याचा खालचा भाग निमुळता होत टोकाला जातो. वरून शिरलेला प्रकाश त्या निमुळत्या भिंतींवरून परतून पुन्हा वरूनच बाहेर पडावा, यासाठी पैलूंचे कोन किती असावेत, याचे गणित मार्सेल टॉल्कोव्हस्की यांनी 1919 मध्ये मांडले. त्याआधीच्या घडणीतल्या, ज्याला रोझ कट म्हणतात त्या हिऱ्याचा तळ सपाट असतो आणि वरच्या घुमटावर तिकोनी पैलू असतात. पोलकी तर जवळपास न घडवलेला चपटा तुकडाच असतो. पैलू पाडण्याची नवी रीत आल्यानंतरही आपल्याकडच्या जडावाच्या कामात असे हिरे वापरले जात राहिले. सपाट तळातून बराचसा प्रकाश सरळ निसटून जातो, म्हणून जुने जडिये खड्याखाली चकचकीत पातळ पत्रा ठेवत, त्याला डांक म्हणतात, आणि हवा-पाणी आत जाऊ नये म्हणून कोंदण मागून बंद करत. वर्षांमागून वर्षे जातात, ओल आत शिरते, डांक काळवंडतो आणि वरचा हिरा चांगला असूनही मळक्या काचेसारखा दिसू लागतो. तुमच्या सराफाने फसवलेच असे मी म्हणणार नाही. ज्याची नजर सोन्याच्या कसावर तयार झालेली असते, त्याला चमचमणारा तोच हिरा वाटतो आणि न चमकणारी ती काच वाटते.

बंद कोंदणाची अंगठी पाण्यात बुडवून धुऊ नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो. शिकाऊ असताना मी मावशीची अशीच एक अंगठी दिवाळीच्या आदल्या रात्री कोमट साबणाच्या पाण्यात ठेवली होती. सकाळी पाचपैकी दोन खडे चहाच्या गाळासारखे दिसत होते आणि मावशी त्या दिवाळीत माझ्याशी फराळापुरतीच बोलली.

घरी काय पाहता येईल, तर रात्री वीज बंद करून देवापाशी तेलाची समई लावा आणि अंगठी हळूहळू फिरवा. हे जुने हिरे दिव्याच्या उजेडात पाहिले जातील अशाच हिशेबाने घडवलेले असत. ट्यूबलाइटखाली ते निर्जीव दिसतात, पण ज्योतीच्या हलत्या उजेडात एखाददुसरा पैलू पेट घेतल्यासारखा उजळतो. त्यानंतर कोणाकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग असेल, तर पैलूंच्या कडा पाहा. ऐंशी वर्षे बोटात वागवलेल्या काचेच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात आणि आत कधीकधी गोल बुडबुडे दिसतात. हिऱ्याची कड मात्र कोऱ्या पात्यासारखी राहते. खड्यावर फुंकर मारून वाफ किती लवकर उडते हे पाहण्याची युक्ती सुट्या खड्याला बरी आहे, बंद कोंदणात तिच्यावर विसंबू नये. ऐरणीवर ठेवून घण घातला तरी खरा हिरा फुटत नाही, ही समजूत तर साफ खोटी आहे. हिरा जगातील कोणत्याही नैसर्गिक दगडाने सहसा ओरखडला जात नाही, परंतु त्याच्या स्फटिकाला चार दिशांनी सरळ फुटण्याचे प्रतल असते आणि नेमका घाव बसला की त्याचे तुकडे होतात. या परीक्षेपायी किती खरे हिरे खोटे ठरून चुरा झाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आता लाल खड्याविषयी. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी 1902 मध्ये भट्टीत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि त्यानंतर असे माणिक स्वस्तात जगभर पोहोचले. ते काच नव्हे. रसायन तेच, काठिण्यही तेच. त्यामुळे अंगठी जुनी आहे, म्हणून माणिक खाणीतलेच, असे मुळीच म्हणता येत नाही. खाणीतल्या मोठ्या माणकात सहसा काहीतरी दोष, रेषा किंवा ढग सापडतोच. भट्टीतला खडा स्वच्छ, गडद आणि डोळ्यांत भरणारा असतो आणि भिंगातून पाहिल्यास त्याच्या आत ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा वक्र रेषा दिसू शकतात. घरातल्या सर्वांनी ज्याचे कौतुक केले तो लाल खडा कारखान्यातला आणि ज्यांना काच म्हणून हिणवले ते आठ खडे गोवळकोंड्याच्या किंवा आफ्रिकेच्या खाणीतले, असा उलटा निकाल मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

पारखीसाठी नागपूरला इतवारीच्या सराफ्यात जुन्या जडावाचे काम करणारा जवाहिऱ्या गाठा किंवा रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत जा. देण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा, वजन करून घ्या आणि पावतीवर ‘लाल खडा 1, पांढरे खडे 8’ असे स्पष्ट लिहून घ्या. हिऱ्याच्या प्रतीचे पूर्ण प्रमाणपत्र साधारणपणे सुट्या खड्यालाच मिळते, जडवलेल्याची ओळख तेवढी सांगितली जाते. तुम्हाला तूर्त ओळखच पुरेशी आहे. हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, खड्याविषयी काही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि पेरणीचे म्हणाल, तर तारण कर्ज देताना बँक खड्याचे वजन वजा करून निव्वळ सोनेच धरते. तेव्हा ठेवायचाच असेल तर बिनखड्याचा एखादा डाग ठेवावा, ही अंगठी नव्हे.

प्रश्न : मी आर्वी तालुक्यात राहतो. कापूस विकल्यावर माझे लग्न आहे. होणाऱ्या पत्नीला साधीशीच, पण हिऱ्याची अंगठी हवी आहे. बाबा म्हणतात, हिरा म्हणजे पैसे पाण्यात; सोने घे. हिऱ्याचे लोकांना एवढे वेड का? दुकानदार प्रयोगशाळेतला हिरा स्वस्तात देतो म्हणतो, तो खरा असतो का?
— एक तरुण शेतकरी, जि. वर्धा

उत्तर : हिशेबापुरते बोलायचे, तर तुमच्या बाबांचे खरे आहे. सोन्याला दररोजचा भाव असतो, तोलून पैसे मिळतात. हिऱ्याला वजन, रंग, निर्मळपणा आणि घडण अशा चारही बाजूंनी पाहून किंमत लावतात आणि परत विकताना ती बरीच घटते. लग्नात हिऱ्याची अंगठी दिलीच पाहिजे, हा आजचा आग्रहही पुष्कळसा जाहिरातीतून आलेला आहे. दक्षिण आफ्रिकेत 1860 च्या दशकात हिरे सापडू लागले, ते इतके की भाव पडण्याची भीती निर्माण झाली. 1888 मध्ये स्थापन झालेल्या डी बिअर्स कंपनीने पुढे पुरवठा मुठीत ठेवला आणि हिरा हा कायमचा असतो, हे तिचे 1947 मधले जाहिरातवाक्य जगभर पाठ झाले.

परंतु सगळे वेड जाहिरातीचेच असते, तर त्याआधी कित्येक शतके आपल्याकडे हिऱ्याला वज्र म्हणून नवरत्नांत बसवले गेले नसते. हिऱ्यात शिरलेल्या प्रकाशाचा वेग जवळपास दोन-पंचमांशावर येतो, त्यामुळे आत गेलेला किरण सहजासहजी बाहेर निसटत नाही. तो आतल्या आत परततो, वाटेत त्याचे रंग फाकतात आणि मग जे बाहेर येते त्याला आपले जुने लोक हिऱ्याचे पाणी म्हणत. आणि ते पाणी टिकते. आपल्या वाटेवरच्या धुळीत गारेचे कण असतात, त्यांचे काठिण्य मोज़ यांच्या मापावर 7 भरते. काचेचे साधारण 5.5 असते, म्हणून धूळ पुसता पुसता काच आंधळी होत जाते. माणिक आणि नीलम 9 वर आहेत, हिरा 10 वर. शेतात, चुलीपाशी, नळावर वागवलेल्या अंगठीतला हिरा नातीच्या बोटातही तसाच राहतो, यात मला तरी काही वेड दिसत नाही.

प्रयोगशाळेतला हिरा खराच असतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या शास्त्रज्ञांनी 1954 मध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तो बनवला. आता वायूपासून थर चढवूनही बनवतात. तोही शुद्ध कार्बनच, त्यामुळे सराफाच्या हातातले साधे परीक्षायंत्र त्याला हिराच म्हणते. गेल्या काही वर्षांत त्याचे भाव खूप उतरले आहेत, म्हणून तो परत विकण्याच्या आशेने घेऊ नका. घालण्यासाठी घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन आणि खडा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे वेगवेगळे लिहून मागा. खड्याचा कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, सोन्याच्या 22 कॅरेटशी त्याचा काही संबंध नाही. एका तोळ्यात 96 गुंजा, या जुन्या हिशेबाने एक गुंज साधारण 121 मिलिग्रॅम भरते. कॅरेटचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. म्हणजे दुकानदार ‘दहा सेंटचा हिरा’ म्हणतो, तेव्हा तो एका गुंजेच्या सहाव्या हिश्शाएवढा असतो, हे भावी वधूला आधीच दाखवून ठेवलेले बरे. उरलेले पैसे बाबा म्हणतात तसे सोन्यात घाला; दोघांचेही राहील.

प्रश्न : वैरागडला पूर्वी हिऱ्यांच्या खाणी होत्या असे आम्ही मुलांना सांगतो. ते खरे आहे का? आमच्या आजोबांच्या अंगठीतला हिरा तिथला असू शकेल का?
— एक शिक्षक, जि. गडचिरोली

उत्तर : गुरुजी, मुलांना अवश्य सांगा. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडची हिऱ्याची खाण अबुल फजलने अकबराच्या काळात, आईन-ए-अकबरीत नोंदवलेली आहे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा मिळत असे तो मुख्यतः भारतातूनच, आणि त्यात आपल्या विदर्भाचाही वाटा होता. आज देशात हिऱ्याची मोठी खाण उरली आहे ती मध्य प्रदेशात, पन्ना येथे.

आजोबांच्या अंगठीबद्दल मात्र तुमची निराशा करावी लागते. खडा हातात घेऊन तो कोणत्या खाणीतला, हे सांगण्याची खात्रीची रीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बाजारात आलेला बहुतेक हिरा आफ्रिकेचा होता, तेव्हा आजोबांनी तो नवा विकत घेतला असेल तर तिकडचाच मानावा. अंगठी घडवताना घरातल्याच एखाद्या त्याहून जुन्या दागिन्यातला खडा काढून बसवला होता का, हे घरातल्या वयस्कर आत्याबाईंना विचारून पाहा. तसे असेल, तर खडा काढू न देता एकदा तळाकडून त्याची घडण पाहून घ्या. सपाट तळाचा निघाला, तर तो पुष्कळ जुना असण्याची शक्यता वाढेल.