जुन्या वास्तूतल्या दुकानात नेमकं काय विकावं?

प्रश्न : ताई, आम्ही काही स्वयंसेवक एका जुन्या घराच्या संग्रहालयातलं भेटवस्तूंचं दुकान पाळीपाळीने चालवतो. मिळकत डागडुजीला जाते. पण माल खपत नाही. कप, किचेन, टोप्या यांची खोकीच्या खोकी पडून आहेत. जो तो आपल्याला आवडेल ते मागवतो. संध्याकाळी गल्ला जुळला नाही की कुजबुज सुरू होते. हौशी माणसांच्याने दुकान चालायचं नाही, असं समितीतले काहीजण म्हणतात. दुकान बंद करावं का?
– एक वाचक

उत्तर : मुळीच बंद करू नका! हौशी माणसांच्याने होत नाही म्हणणाऱ्यांना माउंट व्हर्ननबद्दल सांगा. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचं ते घर मोडकळीला आलं होतं, तेव्हा 1853 साली ॲन पामेला कनिंगहॅम यांनी बायकांना एकत्र करून संस्था उभी केली. त्यांनी निधी जमवला आणि 1858 मध्ये दोन लाख डॉलरला घर विकत घेण्याचा करार केला. आजही घर त्याच संस्थेकडे आहे. मला त्यातली कामाची वाटणी फार मोलाची वाटते. एकेका राज्याची जबाबदारी एकेका बाईकडे सोपवलेली होती. तुमच्याकडे नेमकं तेच राहून गेलंय. खरेदी एकाच्याच हाती द्या. बाकीच्यांनी सुचवावं जरूर, पण मागवायचं त्या एकानेच.

आता काय मागवायचं ते. मी कितीतरी वर्षं अशाच एका दुकानात गल्ल्यावर बसते आहे. आमच्या गल्ल्याशेजारी एक साधी वही असते. गिऱ्हाइकाने जे मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, ते त्याच्याच शब्दांत त्यात लिहायचं. ‘जिन्याखालच्या फरशीची नक्षी असलेलं काही आहे का?’ ‘त्या निळ्या खोलीचं चित्र?’ लोक आत्ताच घर बघून आलेले असतात, डोळ्यांत तेच असतं. त्यांना टोपी कुठेही मिळते. ती फरशी मात्र आमच्या त्या जुन्या घरातच आहे ना! आम्ही तिच्या नक्षीचं कार्ड छापून घेतलं आणि मागे दोन ओळी टाकल्या: फरशी कुठल्या खोलीत आहे आणि कधी बसवली. लोक कार्ड उलटून त्या ओळी वाचतात आणि मगच घेतात. म्हणून मागची बाजू कोरी सोडू नका. छापण्याआधी फोटो कोणाचा आहे ते बघून त्याची लेखी परवानगी घ्या.

याच कारणाने, गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाने अधूनमधून सगळं घर फिरून यावं. कुठली नक्षी कुठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच ती वस्तू मनापासून दाखवू शकतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. वाळवलेली फुलं, लोकर, कच्चं लाकूड असला माल आत घेण्याआधी वस्तूंची देखभाल करणाऱ्यांना विचारा. त्यातून कसर किंवा भुंगेरे आले तर दुकानापुरते थांबत नाहीत, थेट जुन्या गालिच्यांपर्यंत आणि पडद्यांपर्यंत पोचतात. माल मांडायच्या फळ्याही पायांवर उभ्या राहणाऱ्या घ्या. भिंतीला खिळा नको.

गल्ल्याचं म्हणाल तर सकाळी सुट्टे पैसे दोघांनी मोजावेत, आकडा चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. पाळी बदलताना पुन्हा तसंच. कमी-जास्त निघालं तर आहे तेवढंच लिहा. खिशातले पैसे घालून हिशेब जुळवणारी भली माणसं सगळीकडे असतात, पण त्यामुळे चूक कुठे होते ते कधीच कळत नाही. शिवाय आकडा उघड लिहिला की कुजबुजीला जागाच उरत नाही.

पडून राहिलेली खोकी जिवाला लावून घेऊ नका. दारात एक टेबल मांडा, घेतल्या किमतीला किंवा त्याहून कमी भावाने माल काढून टाका. अडकलेले पैसे मोकळे झाले की त्यातून पहिली कार्डं छापून घ्या, आणि थोडीच छापा. कुठली उचलली जातात ते बघून मग पुढची.