वाचकांचे प्रश्न: दोन्ही भाषा येतात, काम कुठलं शिकू?

प्रश्न: मराठी माध्यमातून बी.ए. झालंय. कन्नड बोलता-वाचता येतं. घरी जुना लॅपटॉप आहे, रोज दोन तास मिळतात. डेटा एंट्री शिकू की टॅली?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: ही दोन्ही शिकलेली मंडळी गल्लोगल्ली आहेत. मराठी-कन्नड दोन्ही नीट टाइप करून भाषांतर करणारं माणूस शोधावं लागतं. आधी ते घ्या, टॅली नंतर.

विंडोजच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड जोडा. कीबोर्ड फोनेटिक (इंग्रजी स्पेलिंगनं टाइप करायचा) नको, इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची ठरावीक मांडणी) घ्या; त्यात दोन्ही लिप्यांच्या कळा बहुतेक सारख्याच. 'रस्ता' लिहायला जे, एम, डी, एल, ई. कन्नड 'रस्ते'ला पहिल्या चार कळा त्याच, शेवटी फक्त झेड. तो कन्नडचा ऱ्हस्व ए, मराठीत नाही. डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, आणि नवशिक्याची बोटं तिथंच अडतात. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली ओत्तक्षर होऊन बसतं, तरी टाइप करायचा क्रम तोच: अक्षर, हलन्त, अक्षर. रोज अर्धा तास कळांकडं न बघता सराव करा. वेगाची घाई नको. जाहिरातीत 'नुडी' (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर) मागितलं असेल तर मात्र त्याची कळांची मांडणी वेगळी आहे, ती स्वतंत्र शिकावी लागेल.

फाइल युनिकोडमध्येच द्या, म्हणजे ती कुठल्याही संगणकावर नीट वाचता येते. 'निर्मला' फॉन्टात दोन्ही लिप्या आहेत. डीटीपीच्या दुकानातल्या जुन्या फॉन्टात केलेलं काम दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतं.

भाषांतरात घात करतात ते ओळखीचे शब्द. कन्नड 'प्रपंच' म्हणजे जग. आपला प्रपंच नव्हे. 'उपन्यासक' म्हणजे व्याख्याता, कादंबरीकार नव्हे. पहणीला (कर्नाटकातला जमिनीचा उतारा) 'सातबारा' लिहू नका, तो महाराष्ट्राचा कागद. 'पहाणी उतारा' लिहा. ग्रामपंचायतीचं किंवा शेती खात्याचं छापील पत्रक घेऊन एकेक पानाचे तीन नमुने करा, मूळ डावीकडं, भाषांतर उजवीकडं. कन्नड शिकवणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. काम मागताना पदवीआधी हे नमुने दाखवा.

प्रश्न: घरबसल्या टायपिंगचं काम देतो म्हणून दीड हजार अनामत मागतात. भरू का?
– निपाणी

उत्तर: नको. पुढं काय होतं ते ऐका: पानं टाइप करून दिली की 'अचूकता कमी पडली' म्हणतात, मग करारभंगाचा दंड, मग व्हॉट्सॲपवर वकिलाची नोटीस. नोटिशीला घाबरून आणखी पैसे भरू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

प्रश्न: एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) सगळे व्हिडिओ पाहिले, तरी सर्टिफिकेट नाही. का?
– चिक्कोडी

उत्तर: शिकणं फुकट, परीक्षा नाही. तिची नोंदणी वेगळी, फी वेगळी, आणि ती केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. गृहपाठाला २५ गुण, परीक्षेला ७५. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही हवेत. एकीकडचे जास्त गुण दुसरीकडं चालत नाहीत. बारा आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम आठ गृहपाठ धरतात, त्यामुळं एखादा आठवडा चुकला तर कोर्स सोडू नका. नोंदणीची शेवटची तारीख मात्र आजच वहीत लिहून ठेवा.