जुन्या काढलेल्या टाइल्सवरचं सिमेंट, केमिकल कसं काढावं? ॲसिडमध्ये बुडवल्या तर चालतात का?

घर पाडताना निघालेल्या स्वयंपाकघराच्या सिरॅमिक टाइल्स तुम्हाला परत लावायच्या आहेत आणि मागचा सिमेंटचा किंवा केमिकलचा (म्हणजे टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याचा) थर ॲसिडने काढावा का, असं विचारलंय. नका काढू. हे आमच्या साडूंना सांगून माझा घसा बसला होता, म्हणून जरा लांबण लावतो.

आमचं जुनं घर अमळनेरकडच्या एका खेड्यात. ओट्यामागे आईने हौसेने लावलेल्या सहा बाय सहाच्या, निळ्या फुलांच्या टाइल्स. तसल्या आता दुकानात दिसतही नाहीत. घर उतरवलं तेव्हा मी म्हटलं, ह्याच नव्या ओट्याला लावू. साडू म्हणाले, "येड लागनं का तुले? नव्या लई ये." आणि मग मदतीला म्हणून स्वतःच संडास साफ करायच्या ॲसिडचा कॅन घेऊन हजर. म्हणे रात्रभर टबात ठेव, सकाळी सिमेंट गायब.

सकाळी सिमेंट जागेवर होतं. वर लगद्यासारखी साय आली होती, तेवढीच. ॲसिड सिमेंट खातं, खोटं नाही, पण पातळ डाग असेल तर. अर्धा इंच सिमेंट-वाळूचा माल ते काय खाणार? उलट काही फुलांचा निळा रंग विटला आणि वाफेने शेजारच्या खोलीतले विळे-कुऱ्हाडी रात्रीत तांबारल्या. त्यात भिंतीच्या टाइलची पाठ सच्छिद्र, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिणारी. ॲसिडही तसंच पिते. मग वरून कितीही धुवा, आतला क्षार पुढे जॉइंटमधून पांढरा फुटतो. साडूंचं म्हणणं आजही हेच, की ॲसिड पातळ मिळालं होतं.

बाकीच्या टाइल्स मी ड्रममध्ये साध्या पाण्यात टाकल्या. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाची वाट बघावी लागते, त्यामुळे तेच पाणी शेवटपर्यंत. पाण्याने सिमेंट सुटत नाही, पण धूळ बसते, आणि हल्लीच्या केमिकलने चिकटवलेली टाइल असेल तर तो थर दोनेक दिवसांत बराच नरम पडतो, पटाशीने खरवडता येतो. सिमेंटला मात्र हातच लावावा लागतो. ओल्या गोणपाटावर टाइल पालथी ठेवायची, ग्रायंडरने मालात उभ्या-आडव्या चिरा द्यायच्या, टाइलला पातं लागू द्यायचं नाही. मग छिन्नी जवळजवळ आडवी धरून कडेकडून मधल्या बाजूला हलके ठोके. मधून बाहेर मारलं की कोपरा गेलाच. उरलेलं डायमंड कप व्हीलने, म्हणजे ग्रायंडरला लावायच्या वाटीसारख्या घासणाऱ्या चाकाने, घासायचं. कडांचं व्हाइट सिमेंट मोडक्या हॅक्सॉ ब्लेडने पूर्ण काढा, नाहीतर जॉइंट कधीच सरळ येणार नाहीत.

पाठ आरशासारखी करत बसू नका. घट्ट बसलेला एक-दोन मिलिमीटरचा थर राहिला तरी चालतो, फक्त सगळ्या टाइल्सची जाडी सारखी हवी. काढलेली प्रत्येक टाइल बोटाने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, बाजूला टाका. लावताना सिमेंटवर बसवणार असाल तर आधी भिजवा, केमिकलवर बसवणार असाल तर पूर्ण कोरडी आणि धूळ पुसलेली. आमच्या मिस्त्रीने उलटंच चालवलं होतं, मी उभा राहून करून घेतलं.

हो, राहिलंच. कोरडं घासू नका, त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन बसते. तोंडाला रुमाल नाही, नीट मास्क आणि डोळ्याला चष्मा. मोझॅक किंवा शहाबादी असेल तर ॲसिडचा थेंबही नको, फरशीच खाईल. आणि ॲसिड वापरायचंच असेल कुठे डागाला, तर पाण्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी नाही, आणि जवळपास ब्लीचिंग पावडर नको. क्लोरीन वायू सुटतो.

व्हिट्रिफाइड, म्हणजे पाणी जवळजवळ न पिणाऱ्या गच्च टाइल्स असतील तर तुमचं काम निम्मं झालं, त्यांना साधं सिमेंट नीट धरतच नाही, पापुद्रे निघतात.

रोजंदारीवर माणूस लावून हे करून घेणार असाल, तर मजुरीतच नव्या टाइल्स येतील. म्हणजे साडूंचं नव्या घे म्हणणं त्या हिशोबाने बरोबर ठरतं. पण त्या दिवशी ते मजुरीबद्दल बोलत नव्हते, ॲसिडबद्दल बोलत होते.